तुमचा ब्राउझर कोणता, आणि तो तुम्ही निवडलाय की पदरात पडलाय?

चौपाडकर · शनिवार, रात्री ९:४०

मी फायरफॉक्सवाला. पहिली आवृत्ती नोव्हेंबर २००४ मध्ये आली, त्यानंतर लवकरच मी त्यावर गेलो तो आजतागायत. दिवसभर जीएसटी आणि आयकराची कामं असतात, म्हणजे आयुष्य ब्राउझरमध्येच चाललंय. हल्ली ऑफिसात नवी पोरं येतात, ती माझ्या स्क्रीनकडे बघून विचारतात, "सर, हे कुठलं?" कॉमर्सची पोरं आहेत, कॉम्प्युटर येतो त्यांना, पण फायरफॉक्स बघितलेलाच नाही.

म्हणून हा धागा. ब्राउझर फुकट मिळतो, बदलायला पाच मिनिटं पुरतात, तरी बहुतेक लोक जन्मभर एकालाच धरून बसतात. तुम्ही कशाला धरून आहात? आणि का? एकच अट: "फास्ट आहे" एवढंच लिहून पळू नका.

कडक_भाकरी · रात्री ९:४८

क्रोम. फास्ट आहे.

नवीपेठ_नेटकॅफे · रात्री १०:२५

कॅफे बंद करून बरीच वर्षं झाली, नाव तेवढं ठेवलंय.

चौपाडकर, निष्ठा-बिष्ठा काही नसते हो. लोक चिन्ह ओळखतात. विंडोज एक्सपीच्या मशीनवर इंटरनेट एक्स्प्लोरर ६ होता तेव्हा आठवड्याला एखादं मशीन हमखास आडवं व्हायचं. गिऱ्हाईक दिसेल त्यावर 'येस' दाबणार, मग टूलबारवर टूलबार चढणार, शेवटी पान बघायला खाली वीतभर जागा. वैतागून सगळीकडे फायरफॉक्स टाकला, तर गिऱ्हाईक उठून काउंटरवर, "नेट गेलंय का?" नेट चालू होतं, निळा 'ई' दिसत नव्हता. मग फायरफॉक्सच्या शॉर्टकटला तोच निळा 'ई' लावला आणि खाली नाव लिहिलं 'इंटरनेट'. तेव्हापासून सगळं शांत. बारावीच्या निकालाला रस्त्यापर्यंत रांग लागायची, सगळ्यांनी निकाल फायरफॉक्सवर बघितला आणि कुणाला पत्ता नाही.

एक मशीन मात्र एक्स्प्लोररसाठीच राखून ठेवावं लागायचं, मराठी पेपर वाचणाऱ्यांसाठी. तेव्हा बऱ्याच पेपरांच्या साइट युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना समजणाऱ्या एकाच अक्षर-पद्धतीत, नव्हत्या. ते आपला फॉन्ट पानाबरोबर पाठवायचे आणि तो फॉन्टचा प्रकार मायक्रोसॉफ्टचा, दुसरीकडे चालायचा नाही. फायरफॉक्समध्ये अग्रलेख उघडला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि डॉलरची चिन्हं. रोज सकाळी एक रिटायर्ड मास्तर यायचे, ते बरोबर कोपऱ्यातल्या त्याच मशीनवर बसायचे. तिथं दुसरं कोणी असलं तर उभे राहायचे, पण शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसायचे नाहीत.

चौपाडकर · रात्री १०:४१

'पद्मा' आठवतंय का? फायरफॉक्सचं एक्स्टेंशन (ब्राउझरला वरून जोडायची सोय) होतं, असले फॉन्ट युनिकोडमध्ये फिरवून द्यायचं. सगळ्या साइटना चालायचं नाही, पण चाललं की जादू वाटायची.

आणि युनिकोड तरी कुठं नीट दिसायचं! एक्सपीत कंट्रोल पॅनेलला जाऊन कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची खूण करा, की तो विंडोजची सीडी मागणार. असेंबल केलेल्या मशीनची सीडी कुणाकडे असायची? ती नसली की पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न बसता नंतर, आणि जोडाक्षरांचे तुकडे. फायरफॉक्स २ वर तर मजकूर दोन्ही बाजूंनी सरळ रेषेत लावलेला असला की सीडी असूनही अक्षरं फुटायची. ते फायरफॉक्स ३ मध्ये सुटलं. जून २००८, डाउनलोड डे! एका दिवसात ८० लाखांवर डाउनलोड, गिनेसमध्ये नोंद आहे. त्यात एक माझं.

तुम्ही म्हणता निष्ठा नसते. डिसेंबर २००४ मध्ये फायरफॉक्सच्या चाहत्यांनी पदरचे पैसे घालून न्यूयॉर्क टाइम्समध्ये दोन पानी जाहिरात दिली. देणगीदारांची हजारो नावं बारीक अक्षरात छापली होती. फुकट सॉफ्टवेअरसाठी! क्रोमसाठी कोणी दहा रुपये देईल का?

कडक_भाकरी · रात्री १०:४४

क्रोमला माझ्या दहा रुपयांची गरज नाही, हाच त्याचा गुण आहे. फास्ट आहे.

संगणक_बाई · रविवार, सकाळी ८:१५

सोलापुरात विजापूर रोडला कॉम्प्युटर क्लास घेते. माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मुली पूर्व भागातून येतात. घरी आई विड्या वळते, वडील नाहीतर भाऊ मागावर. सगळ्यांकडे फोन आहे, कॉम्प्युटरला हात पहिल्यांदा माझ्याकडे लागतो. पहिल्या दिवशी विचारते, "ब्राउझर कोणता वापरता?" उत्तर: "व्हॉट्सॲप." यात हसण्यासारखं काही नाही. व्हॉट्सॲपवर लिंक येते, बोट लावलं की पान उघडतं, ते कशात उघडलं हे बघायचं कारणच पडत नाही. फेसबुक आणि इन्स्टाग्राम तर लिंक आपल्याच पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडतात. तुम्ही सगळे ज्याच्यावर भांडताय ती वस्तू त्यांना दिसतच नाही.

त्यामुळे चौपाडकर सर, "निवडलाय की पदरात पडलाय" याचं उत्तर बहुतेकांच्या बाबतीत दुसरं आहे. युरोपात निवड समोर ठेवून बघितली होती. २०१० पासून तिथं विंडोजमध्ये कोणता ब्राउझर हवा हे विचारणारी खिडकी यायची. पुढं विंडोज ७ च्या एका अपडेटमध्ये ती गायब झाली आणि २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टला त्याबद्दल ५६.१ कोटी युरोचा दंड बसला. आपल्याकडे स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला. फोन बनवणाऱ्यांना क्रोमसकट गुगलची सगळी ॲप्स एकगठ्ठा भरावी लागत होती, हा त्यातला एक मुद्दा होता. माझ्या मुलींच्या फोनवर मात्र क्रोम पहिल्याच पानावर आहे आणि तो काढून टाकता येत नाही.

अशोकचौक_बे · सकाळी ९:०२

मॅडम, काढता येत नाही पण डिसेबल करता येतो. मी केलोय. ब्रेव्ह वापरतो. जाहिराती नाहीत, यूट्यूब मस्त चालतं. फायरफॉक्स म्हाताऱ्यांचा हाय लका, राग मानू नका.

चौपाडकर · सकाळी ९:१०

मानला.

टेरीटॉवेल · सकाळी ११:३०

अक्कलकोट रोड एमआयडीसीतून. आमच्याकडे ब्राउझर आम्ही निवडत नाही, पोर्टल निवडतं.

टेंडर भरायचं तर डिजिटल सही लागते. सही त्या यूएसबी टोकनमध्ये. ते टोकन एके काळी जावा ॲप्लेटमधूनच, म्हणजे ब्राउझरमध्ये प्लग-इनवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममधूनच, वाचलं जायचं. क्रोमनं सप्टेंबर २०१५ मध्ये ४५ व्या आवृत्तीत असल्या प्लग-इनचा रस्ताच बंद केला. फायरफॉक्सनं मार्च २०१७ मध्ये ५२ व्या आवृत्तीला तेच केलं, पण कंपन्यांसाठी जी रेंगाळत चालणारी ईएसआर आवृत्ती असते तिच्यात जावा अजून वर्षभर चालत होता. झालं, अख्ख्या एमआयडीसीत ५२ ईएसआर पेन ड्राइव्हवरून फिरला. आमच्या अकाउंट्समध्ये एक मशीन होतं, मॉनिटरवर चिकटपट्टी: "अपडेट करू नये. विचारल्यास 'नंतर' दाबावे." एक पोर्टल तेवढ्यावरही भागवून घेईना, त्याला एक्स्प्लोररच पाहिजे, तोही 'कंपॅटिबिलिटी व्ह्यू' लावून. शेवटच्या तारखेला संध्याकाळी पाच वाजता जावाची सुरक्षा पातळी खाली ओढत बसलेला माणूस बघितलाय का कुणी? त्याला विचारा निष्ठा म्हणजे काय.

आता बहुतेक ठिकाणी वेगळी सही-युटिलिटी असते, कुठल्याही ब्राउझरला चालते. ते मशीन अजून आहे. काढायचा धीर होत नाही.

हिंजवडी_मुक्काम · दुपारी १:२०

मूळचा जुळे सोलापूरचा, सध्या पुण्यात, काम वेब डेव्हलपमेंटचं. इथं एक गोष्ट कुणीच बोललेली नाही.

अशोकचौक, तुझा ब्रेव्ह क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्याच खुल्या सांगाड्यावर. मायक्रोसॉफ्टचा एज जानेवारी २०२० पासून क्रोमियमवर. त्याआधी त्याचं स्वतःचं इंजिन (पान स्क्रीनवर मांडणारा आतला भाग) होतं, मायक्रोसॉफ्टसारखी मायक्रोसॉफ्ट ते सोडून आली. ऑपेराही २०१३ मध्येच स्वतःचं प्रेस्टो सोडून तिकडं गेला. विवाल्डी, सॅमसंग इंटरनेट, तेच. टॉवेलवाल्या काकांना लगेच समजेल: एकाच कारखान्यात माल विणायचा आणि लेबल पाच कंपन्यांची शिवायची, असला प्रकार आहे. रंग वेगळा, पॅकिंग वेगळं, सूत एकच.

स्वतःचं सूत काढणारे मोठे असे तीनच उरले. क्रोमियममधलं ब्लिंक, ॲपलचं वेबकिट आणि फायरफॉक्सचं गेको. त्यातही ब्लिंक म्हणजे वेबकिटमधून २०१३ मध्ये फुटलेली शाखा, आणि वेबकिट निघालं लिनक्सवरच्या केडीई प्रकल्पाच्या केएचटीएमएल इंजिनमधून. लिनक्सवर केडीईचा कॉन्करर ब्राउझर वापरलेला कोणी इथं असेल तर त्यानं कॉलर ताठ करायला हरकत नाही. आयफोनवर तर गंमतच आहे. चिन्ह क्रोमचं असो नाहीतर फायरफॉक्सचं, आत वेबकिटच, कारण ॲपलचा तसा नियम. युरोपात २०२४ पासून तो सैल करावा लागला, आपल्याकडे नाही.

कडक_भाकरी · दुपारी १:३१

मग बरंच आहे की. सगळीकडे एकच इंजिन, म्हणजे साइट सगळीकडे सारखी दिसणार. टेरीटॉवेल काकांचा त्रास त्यानंच मिटला असता. स्पर्धा स्पर्धा म्हणून नाचायचं आणि 'कृपया एक्स्प्लोररमध्ये उघडा' अशी पाटी दिसली की रडायचं.

हिंजवडी_मुक्काम · दुपारी १:५८

भाऊ, ती पाटी सगळीकडे एकच ब्राउझर होता म्हणूनच लागली होती. एक्स्प्लोरर ६ आला ऑगस्ट २००१ मध्ये, ७ आला ऑक्टोबर २००६ मध्ये. त्याचा प्रतिस्पर्धी नेटस्केप संपला, समोर कोणी उरलं नाही, पाच वर्षं नवीन आवृत्ती नाही. तेवढ्या काळात सरकारी पोर्टलांपासून बँकांपर्यंत सगळ्यांनी त्याच्या चुकांना धरून साइट बांधल्या. ते ओझं जून २०२२ पर्यंत ओढलं, तेव्हा कुठं एक्स्प्लोरर अधिकृतपणे निवृत्त झाला.

आता क्रोम झोपलेला नाही, हे कबूल. दर काही आठवड्यांनी आवृत्ती येते, आणि गुगलचं सगळं दुकानच वेबवर आहे म्हटल्यावर तो झोपणारही नाही. धोका वेगळ्या बाजूनं आहे. एक्स्टेंशनसाठी गुगलनं 'मॅनिफेस्ट व्ही ३' नावाची नवी चौकट आणली. पूर्वी एक्स्टेंशन प्रत्येक विनंतीला मध्ये अडवून ठरवायचं, ही जाऊ दे, ही नको. नव्या पद्धतीत नियमांची यादी आधी ब्राउझरच्या हातात द्यायची आणि अडवायचं काम ब्राउझरच करणार, यादीला मर्यादाही त्याचीच. सुरक्षा आणि वेग ही कारणं दिली आहेत, ती अगदीच खोटी नाहीत. पण त्यात जाहिराती अडवणारं मूळ यूब्लॉक ओरिजिन गेलं, २०२५ मध्ये क्रोममधून पूर्ण बंद झालं. 'लाइट' उरलं, ते लाइटच आहे. जाहिरातींवर जगणारी कंपनी जाहिरात अडवणाऱ्याला किती जागा द्यायची ते ठरवते आणि आपण म्हणतो फास्ट आहे.

फायरफॉक्सवर जुनं यूब्लॉक अजून चालतं. मला तेवढं कारण पुरतं.

नवीपेठ_नेटकॅफे · दुपारी ३:४५

जेवून, झोपून आलो. हिंजवडी, सगळं खरं, पण फायरफॉक्सला पोसतंय कोण? गुगलच ना! सर्चच्या खिडकीत गुगल ठेवायचे पैसे फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाला मिळतात, बहुतांश कमाई तीच. वैऱ्याच्या ताटात जेवून वैऱ्याशी लढायचं.

हिंजवडी_मुक्काम · संध्याकाळी ६:१०

अगदी बरोबर, काका. ॲपललाही तोच रतीब आहे. सफारीत गुगल डिफॉल्ट ठेवण्यापायी २०२२ या एका वर्षात २० अब्ज डॉलर दिल्याचं अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आलं. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गुगलनं सर्चची मक्तेदारी बेकायदा टिकवली असा निकाल दिला. सरकारी वकिलांची मागणी होती की क्रोम विकायला लावा. सप्टेंबर २०२५ च्या आदेशात ते फेटाळलं. फक्त आमचंच ठेवा असले करार बंद, पैसे देणं मात्र सरसकट बंद नाही. पैसे थांबले तर आम्ही अडचणीत येऊ, हे कोर्टात सांगणाऱ्यांत मोझिलाही होती. म्हणजे गुगलला वेसण घातली तर पहिला दम फायरफॉक्सचाच कोंडणार.

एक लक्षात घ्या, एवढे अब्ज डॉलर कोणी उगाच देत नाही. आपण डिफॉल्ट बदलत नाही, याची किंमत आहे ती.

शेंगाचटणी · रात्री ८:३०

तुमचं कोर्ट-कचेरी चालू द्या. ऑपेरा मिनीला कुणी फूल वाहिलं नाही अजून! नोकियाचा बटणाचा फोन, जीपीआरएसचा पॅक, आणि ते लाल 'ओ'. पान आधी त्यांच्या सर्व्हरवर जायचं, तिथं पिळून बारीक व्हायचं, मग फोनवर यायचं. एसटीत बसून, टेंभुर्णीच्या पुढं रेंज येत-जात असताना, मी त्याच्यावर क्रिकेटचा स्कोअर बघितलाय. कॉलेजात अर्धा वर्ग ऑपेरा मिनी आणि अर्धा यूसी ब्राउझर. यूसीवाले म्हणायचे आमच्यात डाउनलोड अर्ध्यात तुटलं तरी पुढं चालू होतं. खरोखर हाणामारीपर्यंत जायचं.

मग २०१६ ला जिओ आलं, डेटा वाचवायची गरजच संपली. आणि २९ जून २०२० ला सरकारनं ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली, त्यात यूसी. आमच्या ग्रुपवर टिकटॉकसाठी सुतक पाळलं, यूसीसाठी एक मेसेज नाही. ज्याच्यासाठी भांडलो तो गेला आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

अशोकचौक_बे · रात्री ८:४४

स्वदेशी ब्राउझरचं काय झालं? उला म्हणून हाय ना झोहो कंपनीचा. सरकारनं बक्षीस दिलं होतं.

हिंजवडी_मुक्काम · रात्री ९:०५

हो, सरकारनं भारतीय ब्राउझरसाठी स्पर्धा ठेवली होती, मार्च २०२५ मध्ये निकाल लागला. उला पहिला, बक्षीस एक कोटी. चांगला आहे, कामासाठी आणि मुलांसाठी वेगवेगळे मोड आहेत. सूत क्रोमियमचंच. त्याआधी २०१० मध्ये बंगळुरूहून 'एपिक' आला होता, भारतीय भाषांत टाइप करायची सोय बाजूलाच दिलेली. तो फायरफॉक्सच्या सांगाड्यावर होता, पुढं तोही क्रोमियमवर गेला.

कडक_भाकरी · रात्री ९:०९

म्हणजे स्वदेशी, विदेशी, म्हातारा, तरुण, सगळे शेवटी माझ्याच बाजूला. फास्ट आहे म्हणून.

संगणक_बाई · रात्री ९:२६

भाकरी, तुम्ही क्रोम सोडाल का हे विचारत नाही. तुमचे पासवर्ड कुठं आहेत ते सांगा.

कडक_भाकरी · रात्री ९:३३

...क्रोममध्येच. बँक सोडून सगळे. लाइट बिल, एलआयसी, पोराच्या शाळेचं ॲप, सासऱ्यांचं पेन्शनचं लॉगिनसुद्धा. एकही पाठ नाही.

संगणक_बाई · रात्री ९:४०

मला वाटलंच. माझ्या क्लासमध्ये 'फॉरगॉट पासवर्ड' हा अर्ध्या तासाचा स्वतंत्र धडा आहे. वेग, जाहिराती, खाजगीपणा यावर लोक बोलतात, पण अडकतात ते इथं. ब्राउझर बदलायला पाच मिनिटं हे चौपाडकर सरांचं म्हणणं ज्याला आपले पासवर्ड ठाऊक आहेत त्याच्यापुरतंच खरं. क्रोममधून सगळे पासवर्ड एका सीएसव्ही फाइलमध्ये काढता येतात आणि फायरफॉक्समध्ये भरता येतात. पण ती फाइल उघडी असते, नोटपॅडमध्ये सगळं वाचता येतं. काम झालं की ती डाउनलोडमधून काढा, मग रिसायकल बिनमधूनही काढा. आमच्याकडे एकीनं ती स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवली होती, 'सेफ राहील' म्हणून.

चौपाडकर · रात्री ९:५८

मॅडम, मान्य. माझ्याकडे आणखी एक अडचण आहे, ती पासवर्डच्या पलीकडची. एका पोर्टलवर रिटर्न भरताना फायरफॉक्समध्ये ओटीपीची खिडकीच उघडत नाही. हेल्पलाइनला फोन केला, उत्तर आलं, "सर, क्रोममधून करा." एवढ्यासाठी ऑफिसात एका मशीनवर क्रोम ठेवलाय. तो क्रोम मी निवडलेला नाही, फायरफॉक्स निवडलाय. माझा हिशोब एवढाच.

टेरीटॉवेल · रात्री १०:०२

चिकटपट्टी लावा त्याच्यावर.

अशोकचौक_बे · रात्री १०:२०

एक कामाचं विचारतो. वडील फोनवर तेलुगू पेपर वाचतात. दोन ओळी वाचल्या की जाहिरात, बंद करायला गेलं की दुसरीच साइट उघडती. ब्रेव्ह टाकून दिलो तर म्हणतात ह्याच्यात नाण्यांचं काहीतरी येतंय, नको. काय करू?

हिंजवडी_मुक्काम · रात्री १०:२८

अँड्रॉइडवर फायरफॉक्स टाक. डिसेंबर २०२३ पासून मोबाइलवरही एक्स्टेंशन खुली झाली आहेत. मेनूत जाऊन यूब्लॉक ओरिजिन घाल, बाकी कशाला हात लावू नकोस. मग फोनच्या सेटिंगमध्ये डिफॉल्ट ब्राउझर तोच कर, म्हणजे व्हॉट्सॲपवरच्या लिंकाही तिकडंच उघडतील.

अशोकचौक_बे · रात्री १०:५१

टाकलो. जाहिराती गेल्या की बे सगळ्या! म्हाताऱ्यांचा म्हटलो ते परत घेतो, वडिलांचा म्हणतो. फक्त ते म्हणतायत अक्षर लई बारीक झालंय.

चौपाडकर · रात्री १०:५५

सेटिंग्ज, त्यात ॲक्सेसिबिलिटी, तिथं 'ऑटोमॅटिक फॉन्ट सायझिंग' बंद कर. खाली पट्टी चालू होईल, ती उजवीकडे ओढ. एकदम दोनशे टक्क्यांवर नेऊ नकोस, ओळी तुटतात. दीडशेला ठेव आणि त्यांच्या हातात देऊन बघ.